शाळेचे घर आणि शाळेची जमीन



इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोते लढाईची अपेक्षा करतात. आपल्या जिल्ह्यात ती पुरवायला फार लांब जावे लागत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी वेलस्लीची गाठ पडली ते असई आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि त्या रणमैदानावर आजवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. आज आम्ही लढाईवर बोलणार नाही. शाळेच्या घरावर बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. परंतु त्यात जमीन आहे, सरकारी पैसा आहे, कोर्टकचेरी आहे. तेव्हा लढाईच ऐकायची असेल त्यांचीही अगदीच निराशा होणार नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका खाजगी कारणाने. या जिल्ह्यातल्या ज्या गावी आमचे प्राथमिक शिक्षण झाले तेथे काही वर्षांपूर्वी एका लग्नानिमित्त जाणे झाले. अक्षता पडल्यावर जेवणाला अवकाश होता, म्हणून सहज पावले शाळेकडे वळली. शाळा नव्हती! काळ्या दगडाचे जोते तेवढे शिल्लक होते आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. सागवानी खांब, तुळया, कौले, दारे-खिडक्या, सर्व काही लिलावात गेले, असे तिथल्या एका गृहस्थांनी सांगितले. पलीकडे सिमेंटच्या तीन खोल्या उभ्या होत्या. मुले तेथे बसत. कागदोपत्री या क्रियेला ‘निर्लेखन’ म्हणतात. इमारत हिशेबातून खोडायची, मग पाडायची, मग तिचे सामान जागेवर आहे तसे विकायचे. या कामी कोणी लबाडी केली असे आम्हाला म्हणायचे नाही. छप्पर गळत होते, एका भिंतीला तडा गेला होता, मुलांच्या डोक्यावर काही पडले असते तर जबाबदार कोण? ज्याने सही केली त्याने आपल्या परीने शहाणपणाच केला. पण ज्या खोलीत आमचे वडील निजामाच्या अमदानीत उर्दू गिरवत बसले आणि आम्ही मराठी बाराखडी घोकली, ती खोली वाचवता आली असती काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला. वाचवायची तर कोणाच्या पैशाने? आणि ती उभी होती ती जमीन तरी कोणाची?

यातला जमिनीचा प्रश्न आधीचा आहे. आपल्या जालन्यापुरते एक उदाहरण देतो. जालन्याजवळच्या बेथेल वस्तीचे नाव जुन्या मंडळींनी ऐकले असेल. नारायण शेषाद्री नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री होऊन ते जालन्यास आले आणि मुख्यतः मांग समाजात त्यांनी काम केले. धर्मांतर हा आजचा विषय नाही. आमचे लक्ष आहे ते त्यांनी काम कसे उभारले इकडे. त्यांनी प्रथम निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. त्या जमिनीवर गाव वसवले, चर्च बांधले, शाळा घातली. जमीन आधी आली आणि शाळा मागून. एरवी गावकुसाबाहेरच्या मुलांची शाळा कोणाच्या ओसरीवर भरायची म्हटली तर ती ओसरी संध्याकाळपर्यंत टिकण्याची खात्री त्या काळी कोणीच देऊ शकत नव्हते. राज्याच्या सनदेने मिळालेल्या जमिनीवरची शाळा मात्र कोणी सहजासहजी उठवू शकत नव्हता.

ओसरीवरची शाळा कशी उठते याची मोठी हकीकत पुण्याची आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा मुख्य भाग तोच. पुण्यात शाळेची दोन घरे होती. एकापासून दुसऱ्यापर्यंत पायी गेले तर पानसुपारी चघळून होण्याच्या आत पोचावे, इतकी जवळ. एक विश्रामबागवाडा आणि दुसरा बुधवार पेठेतला भिडेवाडा. पहिला आज उभा आहे. दुसरा २०२३ सालच्या डिसेंबरात जमीनदोस्त झाला. असे का झाले हे नीट पाहण्याजोगे आहे.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला. पुढे दहा-अकरा वर्षांतच पेशवाई बुडाली आणि वाडा कंपनी सरकारच्या हाती गेला. आता पेशव्यांच्या काळी दक्षिणा म्हणून एक मोठा खर्च होत असे. श्रावणात देशोदेशींचे ब्राह्मण पुण्यास जमत आणि विद्वत्तेच्या, पुष्कळदा नुसत्या जन्माच्या मानाने, त्यांना द्रव्य वाटले जाई. एल्फिन्स्टनसाहेबाला हा खर्च एकदम बंद करणे धोक्याचे वाटले. तेव्हा त्यातला काही पैसा विद्येकडे वळवावा असे ठरले, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. म्हणजे वाडा सरकारी, पैसा सरकारी, आणि शिकणारे आरंभी सगळे ब्राह्मण. पुढे १८५१ त ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज.

दुसरे घर भिड्यांचे. तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यात जागा दिली आणि १८४८ साली जोतीराव फुले यांनी तेथे मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव तेव्हा विशीतले, आणि शिकवणाऱ्या सावित्रीबाई, जन्म ३ जानेवारी १८३१ चा, म्हणजे सतरा वर्षांच्या. पहिल्या पटावर सहा मुली होत्या असे सांगतात. चार ब्राह्मणांच्या, एक मराठ्याची, एक धनगराची. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती. तसे काही आपल्या माणसांनी आपल्या मुलींसाठी करावे ही त्यांची ईर्षा. या शाळेच्या वाट्याला काय आले ते आपण सर्वांनी लहानपणी वाचले आहे. शेणमाती आली, शिव्याशाप आले, आणि १८४९ साली वडिलांचे घर सोडण्याची पाळी आली. भिडेवाड्यातली शाळा सलग फार दिवस चालली नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा मुलींची शाळा उघडली. त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी, १८५२ त वेताळ पेठेत तिसरी. पाहा, दर वेळी घर निराळे! ज्याने वाडा दिला त्याचे उपकार मोठेच. पण उसन्या घरात चाललेली शाळा घरधन्याच्या मर्जीवर आणि शेजाऱ्यांच्या धाकावर चालते.

या दोन घरांची एकदा गाठही पडली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मोठा समारंभ झाला आणि मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना सरकारतर्फे शाल देऊन गौरवण्यात आले. ज्या वाड्यात ब्राह्मणांच्या मुलांसाठी दक्षिणेच्या पैशातून पाठशाळा निघाली होती, त्याच वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या फुलमाळ्याच्या मुलाचा सत्कार झाला, आणि त्या दक्षिणेच्या निधीतून मुलींच्या शाळांनाही काही मदत मिळू लागली. सार्वजनिक पैसा एका वाटेने जात होता तो दुसऱ्या वाटेने वळवता येतो, ही गोष्ट तेव्हाच्या पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिली. कोणाला ती आवडली आणि कोणाला ती जाचली हे आपण ओळखू शकाल.

जोतीरावांच्या शाळांतून काय निपजले याची एकच खूण सांगतो. मुक्ताबाई नावाच्या मांग जातीच्या एका विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन अंकांत छापला गेला. मुलगी चौदा वर्षांच्या आतबाहेरची. आम्ही तो निबंध प्रथम वाचला तेव्हा काही काळ दुसरे काही वाचवले नाही. ज्या समाजासाठी पुढे शेषाद्रींनी जालन्याजवळ जमीन मागितली, त्याच समाजाची ही मुलगी. पुण्यात ती शिकली ते घर आज कोणी बोटाने दाखवू शकेल काय?

असो. आता या घरांचे पुढे काय झाले ते पाहू. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्ही वाड्यांना आग लावली गेली. बुधवारवाडा पार जळाला. विश्रामबागवाड्याचाही रस्त्याकडचा भाग गेला. पण सरकार आणि शहर या दोघांच्याही उपयोगाचा तो वाडा होता, म्हणून लोकांच्या वर्गणीने आणि नगरपालिकेच्या पैशाने जळालेला भाग पुन्हा उभा राहिला. १९३० नंतर सुमारे तीस वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचा आणि नंतर महापालिकेचा कारभार येथूनच चालला. पुढे कचेऱ्या हलल्या, वाडा जुना झाला, तरी तो महापालिकेच्या मालकीचा असल्याने तिच्याच वारसा विभागाला त्याची दुरुस्ती हाती घेता आली. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणाला नुकसानभरपाई द्यावी लागली नाही. लाकडाचे कोरीव खांब आणि पुढचा सज्जा आज पाहायला मिळतो तो यामुळे.

भिडेवाड्याला ही सोय नव्हती. तो खाजगी होता आणि खाजगीच राहिला. शाळा जाऊन शतक उलटले, वाड्यात भाडेकरू आले, रस्त्याच्या अंगाला दुकाने झाली. समोर दगडूशेठ हलवाई गणपतीचे देवालय. तेव्हा त्या जागेची किंमत काय असेल हे व्यापारी असलेल्या जालनेकरांना आम्ही सांगायला नको. वर्षानुवर्षे शहरातली मंडळी तेथे हार घालीत, भाषणे करीत, आणि वाड्याची वरची बाजू खचत राही. २००६ साली पुणे महापालिकेने येथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव केला. भूसंपादनाची कारवाई निघाली. भाडेकरू न्यायालयात गेले. त्यांना आम्ही दोष देणार नाही. दुकान हे ज्याचे पोट आहे त्याला स्मारकाचे कौतुक पदरचा घास देऊन करा असे सांगणे सोपे, ऐकणे कठीण. खटला चालत राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम करून जागा सोडण्यास एक महिन्याची मुदत दिली, आणि मुदत संपताच ४ डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात वाडा उतरवण्यात आला. ठरावापासून सतरा वर्षे लागली. जागा मिळाली, पण जी वास्तू जपण्यासाठी इतका खटाटोप, ती तोवर जपण्याच्या अवस्थेत उरली नव्हती. २९ सप्टेंबर २०२४ रोजी तेथल्या नव्या स्मारकाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसवली गेली.

हे स्मारक व्हावे याबद्दल आमच्या मनात दुमत नाही. पण हिशेब मांडताना खरे ते मांडावे. २००६ सालचा ठराव १९५६ साली झाला असता तर? तेव्हा जागेचा भाव काय होता, भाडेकरू किती होते, तुळया किती धड होत्या! ज्या शहराने पाठशाळेचा वाडा जळाल्यावर वर्गणी काढून पुन्हा बांधला, त्याच शहराला मुलींच्या शाळेचा वाडा सव्वाशे-दीडशे वर्षे परक्यासारखा दिसत राहिला. यात केवळ मालकीचा प्रश्न होता असे म्हणून आम्ही आमची सुटका करून घेणार नाही. कोणती शाळा ही आपली असे शहराला वाटते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. सावित्रीबाईंचे नायगावचे घर आणि जोतीरावांचे गंज पेठेतले घर शासनाने पुढे राखले, ही समाधानाची गोष्ट. परंतु ती राहती घरे. शाळेचे घर राहिले नाही.

आता कोणी म्हणेल की कायदा काय झोपला होता? कायदा जुना आहे. लॉर्ड कर्झनच्या वेळी १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. त्यात मालकाशी करार करून वास्तू सरकारच्या देखरेखीखाली घेण्याची तरतूद होती, आणि वेळ पडली तर जमीन संपादन करण्याचीही होती. १९५८ सालच्या केंद्राच्या कायद्यात आणि १९६० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यात तोच मार्ग पुढे चालू राहिला. निजामच्या राज्यालाही हे नवीन नव्हते. १९१४ साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते निघाले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी १९२० च्या सुमारास इटलीहून कारागीर आणवले गेले. त्यांचा खर्च संस्थानच्या खजिन्यातून, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या शेतसाऱ्यातूनही, झाला. आमच्या आजोबांनी अजिंठा पाहिला नव्हता, पण त्याच्या रंगांना त्यांचे काही पैसे लागले आहेत असे म्हणायला हरकत नाही. अडचण अशी की हे कायदे लेणी, किल्ले, देवळे, मशिदी यांच्यासाठी मनात धरून केलेले. केंद्राच्या कायद्यात तर वास्तू शंभर वर्षांची झाल्याखेरीज ती दारातच येत नाही. मातीच्या भिंतीची, कौलारू, चार खणांची शाळा शंभर वर्षे जगणार कशी?

दुसरा मार्ग नगररचनेचा. १९६६ सालच्या कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात एखादी जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवता येते. पण राखून ठेवणे वेगळे आणि ताब्यात घेणे वेगळे. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण उडते. त्यातून २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने मोबदला पुष्कळ वाढला. तो शेतकऱ्याच्या आणि लहान मालकाच्या दृष्टीने न्यायाचाच आहे. परंतु नगरपालिकेच्या पेटीवर त्याचा भार पडतो. थोडक्यात, जो उशीर करील त्याला जागाही महाग पडते आणि हाती पडतो तो ढिगारा.

मग पैसा आणायचा कोठून? येथे थोडे परदेशात जाऊ. फरारबाई ज्या अमेरिकन मिशनतर्फे आल्या, त्याचे मुख्य ठाणे बोस्टन शहरी, मॅसॅच्युसेट्स राज्यात होते. त्याच राज्यात २००० साली एक कायदा झाला. त्याची रीत मोठी गमतीची आहे. गावाने मतदान करून आपल्याच घरपट्टीवर जादा कर बसवून घ्यायचा, जास्तीत जास्त तीन टक्के. कोणी लादत नाही; गाव नको म्हणाले तर कर नाही. बसवून घेतला तर राज्य आपल्याकडून त्यात भर घालते, आणि ही भर जमिनीचे दस्त नोंदवताना जी फी घेतात तीतून येते. या पैशाचा किमान दहावा हिस्सा मोकळ्या जमिनी राखण्याला, दहावा जुन्या वास्तूंना, आणि दहावा सामान्य माणसाच्या घरांना द्यावाच लागतो. उरलेला गावाच्या इच्छेप्रमाणे. शिवाय या पैशातून एखादी जमीन किंवा वास्तू विकत घेतली की तिच्या दस्तावर कायमचे बंधन चढते. पुढच्या कारभाऱ्यांना ती विकून मोकळे होता येत नाही. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळांसारख्या एका खोलीच्या जुन्या शाळा तिकडे गावोगाव आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांची छपरे या पैशाने सांधली गेली आहेत.

इंग्लंडात सरकारची वाट न पाहता लोकांनीच १८९५ साली नॅशनल ट्रस्ट काढला, आणि दुसऱ्याच वर्षी अल्फ्रिस्टन गावचे गवताने शाकारलेले जुने पाद्र्याचे घर दहा पौंडांना घेतले. तो त्या संस्थेने घेतलेला पहिला वाडा. दहा पौंडांना! वेळेवर घेतले म्हणून. पुढे दुरुस्तीला त्याहून कितीतरी अधिक लागले असणार, पण घर हातात होते.

घरपट्टीवर जादा कर म्हटल्याबरोबर आपल्यापैकी काहींनी मान हलवलेली आम्ही पाहिली. परंतु आपल्या मालमत्ता कराचे बिल घरी गेल्यावर एकदा वाचून पाहा. त्यात ‘शिक्षण कर’ म्हणून एक ओळ आहे. महाराष्ट्राने १९६२ साली तो कायद्याने बसवला. म्हणजे शाळेसाठी घरामागे पट्टी देण्याची सवय आपल्याला साठ वर्षांची आहे. त्यातला एक पैसाही जुन्या शाळेच्या कौलाला लागत नाही इतकेच. आपल्या जालन्याची २०२३ साली महानगरपालिका झाली. कारभार नवा आहे, जुन्या वास्तूंच्या याद्या करण्याचा अधिकार आहे, आणि यादी करायला संपादनासारखे कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो कागद, फीतपट्टी आणि दोन चांगले कारकून. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतूनही तीन टक्क्यांपर्यंत रक्कम गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारके यांच्या जतनासाठी वापरण्याची मुभा शासनाने दिली आहे. या गडकोटांच्या पंगतीत शाळेला पान मांडायचे तर आधी तिला ‘संरक्षित’ ठरवावे लागेल, आणि त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागेल. असा अर्ज आम्ही तरी अजून पाहिला नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. एका शिक्षकमित्राने आम्हाला विचारले, “तुम्हाला जुनी खोली जपायची हौस आहे, पण माझ्या चौथीच्या मुलांना बसायला पावसाळ्यात कोरडी जागा नाही. पैसा आधी कशाला द्याल?” त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले. मुलांना कोरडी जागा आधी. तथापि, नवी खोली जुन्या खोलीच्या छातीवरच बांधली पाहिजे असे थोडेच आहे? आमच्या गावी तरी नव्या तीन खोल्या पलीकडे, मोकळ्या जागेत झाल्या होत्या. जुनी पाडल्याने नवीस एक वीटही मिळाली नाही. तिच्या सागवानाचे जे काही आले असेल ते कोठल्यातरी खात्यावर जमा झाले असेल. तेवढ्याच रकमेत छप्पर उतरवून पुन्हा चढवता आले असते की नाही, हा प्रश्न निर्लेखनाच्या फॉर्मात विचारलेलाच नसतो. इमारत धोकादायक आहे काय, एवढेच विचारलेले असते. आणि दुरुस्ती न केलेली कोणतीही इमारत काही वर्षांत धोकादायक होते. मराठवाड्यात १९४८ पूर्वीच्या शाळांना ‘निजामकालीन’ म्हणतात, आणि हा शब्द आता ‘मोडकळीस आलेली’ याला प्रतिशब्द होऊन बसला आहे. वास्तविक त्यांतल्या काही इमारतींचे दगडकाम असे आहे की तसे आज करायला माणूस मिळत नाही. राज्य कोणाचे होते यावरून भिंतीचा राग धरू नये. त्या राज्याशी भांडलेली पिढी त्याच भिंतींच्या आत लिहायला शिकली.

आमची सूचना अगदी साधी आहे. निर्लेखनाच्या सहीआधी त्या शाळेचा एक कागद व्हावा: बांधली केव्हा, जमीन कोणी दिली, दान की गायरान की गावठाण, आणि आज ती कोणाच्या नावावर आहे. पुष्कळ ठिकाणी जमीन देणाऱ्याच्या नातवाला ठाऊक नसते की आजोबांनी ती शाळेला दिली, किंवा फार चांगले ठाऊक असते! दोन्ही प्रसंगी कागद उपयोगी पडतो. भिडेवाड्याचा असा कागद पन्नास-साठ वर्षे आधी कोणी केला असता, तर २००६ साली वकील लावण्याची वेळ आली नसती, असे आमचे मत आहे.

लग्नाच्या त्या दिवसानंतर आम्ही पुन्हा एकदा गावी गेलो ते मुद्दाम याच कामासाठी. ग्रामसेवकांनी नमुना आठचे रजिस्टर काढून दाखवले. जुन्या शाळेची जागा आजही तेथे ‘शाळा’ म्हणूनच नोंदलेली आहे. लांबी-रुंदीही लिहिली आहे. जोत्यावरचा कडबा उपसरपंचांच्या चुलतभावाचा निघाला आणि तो हलवतो असे त्यांनी कबूल केले. आमच्या वेळी घंटा म्हणून आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा आढ्याला टांगलेला असे. १९०० साली मनमाड-हैदराबाद रूळ जालन्यावरून गेले तेव्हाचा तो आहे असे गुरुजी सांगत. लिलावात तोही गेला असेल अशी आमची समजूत होती. तो नव्या खोल्यांच्या व्हरांड्यात तारेने बांधलेला दिसला. आम्ही पोचलो तेव्हा मधल्या सुटीची वेळ झाली होती, आणि एक मुलगी पायरीवर उभी राहून दगडाने तो वाजवत होती.